उत्सवाचे दिवस आणि शरीराचे श्रम



गोमंतकातील देवालयांचा उत्सवकाल कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे नेमके सांगणे कठीण आहे. श्रावणातील व्रते आटोपत नाहीत तोच भाद्रपदातील चतुर्थी दारात उभी राहते. तिच्यामागून नवरात्रातील मखरोत्सव, दिवाळीचे फोव, तुळशीचे लग्न. आणि मग कार्तिकापासून माघापर्यंत जत्रांची जी रांग लागते, ती थेट फाल्गुनातील शिगम्याला जाऊन भिडते. पंचांगात हे दिवस वेगवेगळे असले, तरी शरीराच्या दृष्टीने तो जवळजवळ एकच सलग काल असतो. त्यात दिवाळीच्या वा नाताळच्या सुट्टीत मुंबईहून, पुण्याहून, बेळगावहून कुलदेवतेच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांचे आदरातिथ्य मिळवले, म्हणजे वर्षातील निम्मे दिवस महाजन कुटुंबे या ना त्या पंगतीत बसलेली असतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या दिवसांतील आहाराविषयी पुष्कळ बोलले जाते. डॉक्टर सांगतात, घरच्या लेकीसुना सांगतात, वर्तमानपत्रे तर दरवर्षी न चुकता सांगतात. तो उपदेश नैवेद्याचे पान समोर येईपर्यंत टिकतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख आहारावर नाही. एरवी पहाटे उठून नियमाने फिरावयास जाणारा, चार सूर्यनमस्कार घालणारा माणूस उत्सव आला की सर्वांत आधी कशाला रजा देतो, याकडे लक्ष वेधावयाचे आहे. तो रजा देतो व्यायामाला. पाहुणे आले आहेत, माटोळी बांधावयाची आहे, रात्री नाटक संपावयास पहाट झाली. कारणे खरी असतात आणि संकल्पही प्रामाणिक असतो, की चतुर्थी झाली म्हणजे पुन्हा आरंभ करू. तथापि चतुर्थीनंतर नवरात्र असते, नवरात्रानंतर दिवाळी असते, आणि पुन्हा आरंभ करण्याचा मुहूर्त बहुधा रामनवमीच्या सुमारास सापडतो.

व्यायाम हे साध्या दिवसांचे कर्तव्य असून उत्सव हा त्यातून मिळालेला अवकाश आहे, अशी जी समजूत रूढ आहे, ती शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. श्रमांची गरज ज्या दिवसांत सर्वाधिक, नेमके त्याच दिवसांत ते थांबविले जातात.

या गोष्टीला गोमंतकात विशेष महत्त्व का यावे, त्याचे कारण एका आकड्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या आश्रयाने देशातील सर्व राज्यांत झालेल्या मधुमेहविषयक पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशभरातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक निघाले. समाराधनेच्या पंगतीत बसलेल्या प्रौढांची पाने मोजीत गेल्यास सरासरीने दर चार पानांमागे एक मधुमेह्याचे, असा याचा अर्थ होतो. त्याखेरीज मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक वेगळेच. देशभरात त्यांचे प्रमाण १५.३ टक्के होते. या स्थितीची कारणे अनेक आहेत, वाढलेले आयुर्मान हेही त्यांतील एक आहे, आणि सगळा दोष मणगण्याच्या आणि नेवऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे ठरणार नाही. परंतु ज्या समाजात हे प्रमाण इतके आहे, त्या समाजाने वर्षातील निम्मे दिवस हालचालीवाचून काढणे परवडणारे नाही.

जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर जावयाची कोठे, हा खरा प्रश्न आहे. तिचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे शरीराचे स्नायू. या कोठाराचा दरवाजा स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्शुलिनने उघडतो. मधुमेहात, आणि तो जडण्यापूर्वी कित्येक वर्षे, हा दरवाजा जड होत जातो. तेवढेच इन्शुलिन आता पुरत नाही. निसर्गाने मात्र याच कोठाराला दुसराही मार्ग ठेवला आहे. स्नायू काम करू लागला, आकुंचन-प्रसरण पावू लागला, की इन्शुलिनची वाट न पाहता तो साखर आत ओढून घेतो. चालणाऱ्या माणसाच्या मांड्या आणि पोटऱ्या हे अशा प्रकारे त्याच्या स्वादुपिंडाचे साहाय्यकच असतात. शिवाय श्रम थांबल्यावरही काही काळ स्नायू इन्शुलिनला अधिक तत्परतेने प्रतिसाद देत राहतात.

हा ‘काही काळ’ किती, यावर सर्व काही अवलंबून आहे. एका दिवसाच्या व्यायामाचा हा गुण साधारणतः एक ते दोन दिवस टिकतो, त्यापुढे विरतो. म्हणूनच मधुमेह्यांनी व्यायामात ओळीने दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञांचे सांगणे आहे. पैसा पेढीत ठेवावा आणि पुढे सवडीने काढावा, तसे व्यायामाचे होत नाही. पावसाळ्याआधी केलेल्या चालण्यावर चतुर्थीचे पाच दिवस निभावून नेता येत नाहीत. नियमितपणा हा शब्द व्यायामाच्या पुस्तकांत केवळ शिस्तीच्या आवडीने आलेला नसून, त्यामागे स्नायूंचा हा स्वभाव आहे.

उत्सवातील आहार आणि विश्रांती यांचे जणू प्रतिरूपच वाटावे, असा एक प्रयोग इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात झाला आणि त्याचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सव्वीस निरोगी तरुण पुरुष सहभागी होते. एका गटाला सात दिवस नेहमीच्या दीडपट आहार देण्यात आला आणि दिवसाची पावले चार हजारांच्या आत ठेवण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या गटावर चालण्याचे बंधन तेच, परंतु त्याने रोज पंचेचाळीस मिनिटे यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर धावावयाचे होते. येथे प्रयोगकर्त्यांनी मोठी चतुराई केली. धावण्यात खर्च होणारी ऊर्जा भरून निघावी म्हणून दुसऱ्या गटाला त्यांनी दीडपटीऐवजी पावणेदोनपट आहार दिला. म्हणजे अंगात उरणारी शिल्लक दोन्ही गटांची सारखीच राहिली. आठवडा संपला तेव्हा पहिल्या गटातील तरुणांच्या रक्तातील साखरेचे नियमन बिघडलेले आढळले आणि त्यांच्या मेदपेशींतील घडामोडींतही अनिष्ट बदल दिसले. दुसऱ्या गटात हे बदल बहुतांशी झालेच नाहीत. अन्न त्यांनीही भरपूर खाल्ले होते, किंबहुना अधिकच खाल्ले होते.

प्रयोगातील माणसे तरुण होती आणि त्यांचा व्यायाम चांगला दमविणारा होता. साठी ओलांडलेल्या गृहस्थांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही त्यातून निघणारे तत्त्व महत्त्वाचे आहे. लोक व्यायामाकडे वजनाचा हिशेब म्हणून पाहतात: दोन लाडू खाल्ले, तर ते उतरविण्यास किती चालावे लागेल? उत्तर ऐकून ते निराश होतात, कारण दोन लाडवांची ऊर्जा चालून खर्चावयास बराच वेळ लागतो, आणि मग चालणेच सोडून देतात. वास्तविक उत्सवाच्या दिवसांतील श्रमांचे मुख्य कार्य लाडू उतरविणे हे नव्हेच. आलेले अन्न योग्य जागी पोहोचविण्याची शरीराची शक्ती शाबूत ठेवणे, हे त्यांचे कार्य आहे. ज्याचे वजन तसूभरही कमी झाले नाही, त्यालाही हा लाभ मिळतो.

श्रम थांबले म्हणजे काय होते, तेही तपासले गेले आहे. डेन्मार्कमधील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१० साली प्रकाशित झाले, दहा निरोगी तरुणांना रोजची दहा हजारांच्या घरातील पावले दोन आठवडे दीड हजारांच्या खाली आणावयास सांगितले होते. त्या पंधरवड्यात त्यांच्या स्नायूंचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि दमसास सुमारे सात टक्क्यांनी घटला. पंधरवडा म्हणजे पितृपक्षाएवढा काळ. वजनाच्या बाबतीत अमेरिकेतील १९५ प्रौढांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली होती. तेथील नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणासुदीत वजनात पडणारी भर सरासरीने अर्ध्या किलोहूनही कमी निघाली. लोकांची स्वतःची समजूत मात्र कितीतरी अधिक वाढल्याची होती. ही बातमी दिलासा देणारी खरी, पण तिचा उत्तरार्ध तसा नाही. ती अल्पशी भर पुढील वर्षात उतरली नाही. दरवर्षी पाव-अर्धा किलो, आणि तो परत न जाणारा. वयाच्या पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता प्रश्न असा, की पूर्वीच्या पिढ्यांनी हेच उत्सव, हीच पक्वान्ने, किंबहुना यांहून अधिक तुपाची, कशी पचविली? पूर्वी सर्व काही उत्तम होते असे मानण्याचे कारण नाही. त्या काळी माणसे मधुमेहापर्यंत पोहोचण्याआधीच साथीच्या रोगांनी जात असत. परंतु एक भेद स्पष्ट दिसतो. त्यावेळी उत्सव आणि श्रम ही दोन वेगळी खाती नव्हती. चतुर्थी म्हणजे माटोळीसाठी डोंगरातून फळे-फुले, कांगले, घागऱ्या गोळा करीत हिंडणे. घराला गिलावा, अंगणाला सारवण. दिवाळीचे फोव म्हणजे मुसळाचे घाव. वाटप म्हणजे रगड्यावरची तास-दोन तासांची मेहनत. आणि पाण्याची प्रत्येक घागर विहिरीतून वर ओढलेली. नेवरी तोंडात पडण्यापूर्वी तिची किंमत अंगाने चुकती केलेली असे.

देवदर्शनाचेही तेच. सोळाव्या शतकात सासष्टी-तिसवाडीतील दैवते नदीपलीकडे अंत्रुजात नेण्यात आली, तेव्हापासून कुळाव्यांच्या वाट्याला प्रवास आला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला. भक्त मागोमाग गेले, होडीने पाणी ओलांडून आणि पुढे पायवाटेने. जत्रेला जाणे म्हणजे चालणे, हे समीकरण मोटारगाड्या येईपर्यंत कायम होते. आज पणजीहून वा मडगावहून निघालेली गाडी महाद्वारापाशी थांबते, आणि भाविकाचे श्रम म्हणावे तर पायऱ्यांपुरते उरतात. वाटण यंत्राने होते, पाणी नळाला येते, जेवणाचा मक्ता दिला जातो. हे सर्व सोडून रगड्याकडे परत जावे असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. त्या श्रमांचा फार मोठा भाग स्त्रियांच्या माथी होता, आणि पंगतीतील पहिली पाने मात्र पुरुषांची असत. त्यात मिरविण्यासारखे काही नाही. श्रम गेले ते बरेच झाले. त्यांची जागा रिकामी राहिली, ते बरे झाले नाही.

स्त्रियांच्या संबंधात येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. घरातील बायकांना व्यायामाची काय आवश्यकता, त्या दिवसभर पायांवरच तर असतात, असे पुष्कळदा म्हटले जाते. ओट्यापाशी चार तास उभे राहिल्याने पाय दुखतात, कंबर भरते, परंतु हृदयाचे ठोके वाढत नाहीत आणि श्वास लांबत नाही. थकवा आणि व्यायाम ही दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्सवाच्या दिवशी गृहिणीला पाऊण तास मोकळा करून देणे, हे त्या घरातील इतरांचे काम आहे. तिच्याजवळ पूर्वी एक उत्तम साधन होते, ते म्हणजे फुगडी. गणपतीपुढे रात्री रंगणारी गोमंतकी फुगडी आणि पौषातील चांदण्यात मांडावर चालणारा धालो यांत पावले, गिरक्या, वाकणे, उठणे आणि गाणे सर्व एकत्र असे. पाऊण तासाच्या फुगडीनंतर ज्या दमल्या नाहीत अशा विरळाच. अलीकडे फुगडी व्यासपीठावर चढली, स्पर्धांतून तिची बक्षिसे लागली, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्यामुळे दहा जणी नाचतात आणि दोनशे जणी खुर्चीत बसून पाहतात. घराच्या चौकातली फुगडी, जिथे सासू-सून-नात एकाच फेरात असत, ती आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाची होती.

मग उत्सवाच्या दिवशी करावयाचे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम आणि त्याजोडीला दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या हालचाली सुचविल्या आहेत. वयस्कांनी तोल सांभाळण्याचा सरावही करावा, असे त्यात म्हटले आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण आरती म्हणता येऊ नये. आठवड्याचा हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. रोजची बावीस मिनिटे म्हणजे दीडशेचा हिशेब पुरा होतो, आणि ती सलग असावी असाही आग्रह आता राहिलेला नाही.

उत्सवात पहाटेची वेळ हाती लागत नाही, हे मान्य करून जेवणानंतरची वेळ धरावी. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने मधुमेह्यांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून केव्हाही सलग तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा दहा मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर सरासरीने बारा टक्के कमी राहिल्याचे दिसले. रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक बावीस टक्क्यांचा होता. महाप्रसादानंतर अग्रशाळेच्या ओसरीवर पान-सुपारी घेऊन जी मैफल जमते, ती मोडावी असे कोणी म्हणत नाही. तीच मैफल दहा मिनिटे देवालयाच्या तळीभोवती फिरत रंगली, तर गप्पांची गोडी कमी होत नाही. अंत्रुजातील देवस्थाने या बाबतीत भाग्यवान आहेत. मंगेशी आणि म्हार्दोळ, तसेच नागेशी, रामनाथी आणि कवळे ही स्थाने पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. परगावाहून आलेले कुटुंब एका दिवसात चार देवळे करते, आणि प्रत्येक वेळी गाडीत चढते-उतरते. त्यांतील एखादा टप्पा सकाळच्या गारव्यात पायी केल्यास मुलांनाही कुळागरांची ओळख होईल.

प्रदक्षिणेविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रदक्षिणा ही उपासना आहे. तिची गती संथ असते आणि तशीच असावी. घड्याळ लावून गर्भागाराभोवती धावण्याने ना भक्ती साधते ना आरोग्य, आणि इतरांना धक्के मात्र बसतात. चालणे देवळाबाहेर करावे. सूर्यनमस्कारांची गोष्ट वेगळी. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांचा एवढा प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारांना जागा लागते चटईएवढी आणि वेळ लागतो दहा-बारा मिनिटांचा. पाहुण्यांनी भरलेल्या घरातही तेवढे जमते. दंड, खांदे, पाठ, मांड्या या सर्वांना त्यात काम मिळते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीच्या आधाराने उठबस करावी. पंगत पाटावर बसत असे तेव्हा जमिनीवरून हात न टेकता उठणे हा प्रत्येकाचा दिवसातून दोनदा होणारा व्यायाम होता. टेबल-खुर्च्या आल्यापासून मांड्यांची ती ताकद नकळत गेली, आणि उतारवयात पडण्याचे भय वाढले.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी, कारण उत्साहाच्या भरात अपाय होऊ शकतो. वर्षभर न चाललेल्या गृहस्थाने जत्रेच्या रात्री एकाएकी पालखीला खांदा देऊन फेरी पुरी करण्याचा हट्ट धरू नये. हृदयविकार असलेल्यांनी भरल्या पोटी चढण चढू नये. जड जेवणानंतर हृदयावरील भार वाढलेलाच असतो. त्यांनी जेवणानंतर सपाट जागी सावकाश पावले टाकावी आणि किती श्रम करावे ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चालताना छातीत दाब वाटला, डावा हात वा जबडा भरून आला, दरदरून घाम सुटला, तर तेथेच थांबावे आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. अपचन असेल म्हणून ओवा चावीत बसू नये. रात्रीचे नाटक पाहून झोप मुळीच झाली नसेल, त्या सकाळी जोरकस व्यायामाऐवजी थोडे फिरणे पुरे.

उपवासाच्या दिवसांत मधुमेह्यांची विशेष काळजी घ्यावयास हवी. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणारा माणूस एकादशीला वा नवरात्रात उपाशी राहून नेहमीप्रमाणे चालावयास गेला, तर त्याच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. हातपाय कापणे, घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी उपवास मोडण्याचा विचार न करता तत्काळ साखर वा गूळ तोंडात घालावा. उपवासाला आरंभ करण्यापूर्वीच औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

आणि पाय. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होत जाते, आणि ती गेल्याचे त्या माणसाला कळतही नाही. दुपारच्या उन्हात देवालयाच्या प्राकारातील फरशी इतकी तापते की इतर लोक चटका बसताच सावलीकडे धावतात. हा मात्र शांतपणे प्रदक्षिणा पुरी करतो, आणि पायाला आलेले फोड त्याला दुसऱ्या दिवशी दिसतात. अशा जखमा चिघळून बोट वा पाऊल गमावण्याचे प्रसंग येतात. देवालयात अनवाणी जाणे अपरिहार्य असल्याने अशा भाविकांनी प्रदक्षिणा सकाळी लवकर वा सूर्यास्तानंतर घालावी, आणि रात्री निजण्यापूर्वी तळवे स्वतः वा घरच्या माणसाकडून पाहून घ्यावे. ज्या देवस्थानांना शक्य असेल त्यांनी उत्सवाच्या दिवसांत प्रदक्षिणेच्या वाटेवर ओली गोणपाटे वा काथ्याच्या पट्ट्या अंथरून दर तासाला त्यांवर पाणी शिंपडण्याची व्यवस्था करावी. तिला खर्च फारसा येत नाही, आणि ती करण्यास महाजनांच्या बैठकीत एक ठराव पुरेसा आहे.